पोतडीतून निघालेला प्रमुख

साहेब कुठल्याशा परिषदेला गेले आणि तिथून एक कल्पना घेऊन आले. बाकीचे लोक परिषदेहून पेन आणतात, कापडी पिशवी आणतात, फार तर सर्दी आणतात. साहेब दर वेळी कल्पना आणायचे आणि ती आठवडाभरात सगळ्या ऑफिसला लागायची.

"आजपासून कप्पे बंद," सोमवारी सकाळी सगळ्यांना उभं करून त्यांनी जाहीर केलं. "आकड्यांचा कप्पा वेगळा, शब्दांचा वेगळा, तारखांचा वेगळा, हे सगळं जुनं झालं. आता एकच पोतडी. तिच्यात आकडा टाका, नाव टाका, तारीख टाका, फोटो टाका. पोतडी कुणालाच नाही म्हणणार नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या की बसायला मिळतं हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

हे ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या दोन मजल्यांवर होतं. दुकानं, व्यायामशाळा, दवाखाने अशांसाठी तिथे प्रोग्राम लिहिले जात: बिलं करणारे, माल मोजणारे, हजेरी घेणारे. आजवर प्रत्येक प्रोग्राममध्ये माहितीला कप्पे असत. वयाच्या कप्प्यात आकडाच जायचा, नावाच्या कप्प्यात अक्षरंच. कुणी वयाच्या जागी 'मावशी' असं लिहायला गेलं तर यंत्र तिथल्या तिथे अडवायचं. साहेबांच्या मते हे अडवणं फार उद्धटपणाचं होतं. त्यानं गिऱ्हाईक दुखावतं.

टाळी न वाजवणारे हात दोनच होते आणि ते एकाच बाईचे होते. ही बाई तिथली सगळ्यांत जुनी प्रोग्रामर. तोंडावर सगळे तिला ताई म्हणायचे आणि पाठीमागे कप्पेताई. नाव वावगं नव्हतं. आधी प्रत्येक वस्तूनं आपण कोण ते सांगावं आणि मगच आपल्या जागी जाऊन बसावं, असा तिचा धर्म होता. घरी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर तिनं चिठ्ठी लावली होती. सासूबाई चिठ्ठ्या वाचत नसत. "रिकामी दिसली, भरली," असा त्यांचा खाक्या. एकदा साखरेच्या बरणीत मीठ भरून त्या मोकळ्या झाल्या आणि ताईच्या माहेरच्या माणसांना खारट चहा प्यावा लागला. "चिठ्ठीवर कसला विश्वास ठेवतेस," वर त्याच म्हणाल्या, "आधी जिभेला लावून बघावं माणसानं."

"साहेब," ताई त्या सोमवारी म्हणाली, "टाकताना कुणी विचारणार नाही हे कळलं. पण काढताना? हाताला काय लागलं ते आत हात घालणाऱ्यानं कसं ओळखायचं?"

"ताई, तुम्ही फार विचार करता," साहेब हसून म्हणाले. त्या ऑफिसात ही शिवीच होती.

झालं. पोतडी आली. टाकणाऱ्यांची चंगळ झाली आणि काढणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येकानं आपापल्या कोडमध्ये आपापला उपाय लिहिला. हाताला आकडा लागला तर असं कर, शब्द लागला तर तसं कर, आणि काही समजलंच नाही तर गुपचूप सोडून दे. या शेवटच्या ओळीवर सगळ्यांचा फार जीव होता. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. एका चपलांच्या दुकानानं गिऱ्हाइकांच्या वयाइतक्या मापाचे बूट मागवले आणि ते आलेसुद्धा. एका व्यायामशाळेत सभासदांच्या वजनाच्या जागी त्यांचे पिनकोड छापून आले. एक बाई रडत घरी गेली ती पुन्हा आलीच नाही. असं काही झालं की साहेब ताईच्या टेबलावरचा फोन वाजवायचे, आणि ताई बाह्या सरसावून पोतडीत हात घालायची. आकडा कुठला, माप कुठलं, तारीख कुठली, हे एकेक करून निवडत बसायची, आणि संध्याकाळपर्यंत दुकान चालू करून द्यायची. मग पुढच्या सभेत साहेब म्हणायचे, "ताई म्हणजे या ऑफिसचा कणा." लोक पुन्हा टाळ्या वाजवायचे. कणा खाली मान घालून बसायचा.

अशात जुने विभागप्रमुख दमून नोकरी सोडून गेले. त्यांची काचेची खोली रिकामी झाली.

ताईला ती खोली हवी होती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही. वर्षानुवर्षं काम ती करायची आणि सही दुसराच कुणी करायचा. आपल्या हातात कारभार आला तर पहिल्याच दिवशी पोतडीचं तोंड शिवून टाकायचं, हे तिनं ठरवून ठेवलं होतं. आणि ते सोडलं तरीही तिला ती खोली हवी होती. दारावर आपली पाटी, आत आपली खुर्ची. माणसाला असं वाटतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

"वशिला नाही, ओळख नाही," साहेबांनी जाहीर केलं. "आपला नवा प्रमुख पोतडी ठरवेल. प्रत्येक अधिकाऱ्यानं आपल्या हाताखालच्या माणसांबद्दलचं मत पोतडीत टाकायचं. ज्याचं मत सगळ्यांत मोठं, तो प्रमुख." आणि कितीतरी वर्षांनी स्वतः कीबोर्डपुढे बसून त्यांनी त्यासाठी एका ओळीचा प्रोग्राम लिहिला: प्रत्येकाच्या नावापुढची पहिली गोष्ट बघ, त्यातली सगळ्यांत मोठी काढ. ती एक ओळ लिहून ते इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

ती ओळ ताईनं वाचली. पहिली गोष्ट मतच असेल कशावरून? आणि मोठी म्हणजे कशापेक्षा? पण आता बोलावं तर लोक म्हणणार, हिलाच खुर्ची हवी म्हणून खुसपटं काढते. तिनं मूग गिळले. शिवाय तिच्याबद्दलचं मत खुद्द साहेब टाकणार होते, आणि साहेब तर तिला कणा म्हणत होते. मनात कुठेतरी तिनं खुर्चीवरची धूळही पुसून घेतली होती.

घरी तर बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असा प्रकार सुरू झाला. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्यानं दारावरच्या पाटीसाठी अक्षरांचे नमुनेच काढून आणले. नणंदेचा फोन आला, "वहिनी, मी सगळ्यांना सांगून टाकलंय हं." सासूबाईंनी विचारलं, "प्रमुख झालीस की उशिरा येणार का लवकर?" आणि उत्तर यायच्या आत म्हणाल्या, "म्हणजे दळण कुणी आणायचं ते आत्ताच ठरवलेलं बरं."

ठरलेल्या दिवशी सगळे मोठ्या खोलीत जमले. भिंतीवर पोतडीचा पडदा लावला होता. साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर नाव आलं ते गोडबोल्याचं.

गोडबोल्या हा पडद्यावरची मांडणी करणाऱ्या स्क्रीन विभागातला. त्याच्या हातून आजवर एकही काम पुरं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण काम न झाल्याचं तो इतकं गोड सांगायचा की ऐकणाराच उलट त्याची समजूत काढायचा. आता तो उठून सगळ्यांना हात जोडत होता. डोळ्यांत पाणीही आणलं होतं त्यानं.

ताई उठून पडद्यापाशी गेली. "साहेब, याच्या नावापुढे काय आहे ते उघडून बघू या?"

उघडलं. गोडबोल्याच्या नावापुढे त्याच्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं, 'नंतर कळवतो.'

"हे मत आहे?" ताईनं विचारलं.

"ते मी नंतर कळवणार होतो," त्याचा अधिकारी म्हणाला. त्याला सगळे स्क्रीनवाले भाऊ म्हणत. "राहून गेलं."

"आपण यंत्राला सांगितलं, सगळ्यांत मोठं काढ. आता आकडा मोठा की शब्द मोठा, हे यंत्राला कुणी शिकवलंय? त्याच्या हिशेबानं कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. नाही तर त्याला दोघांची तुलनाच करता आली नसती. गाढव आणि गुरुवार यांत थोर कोण असं विचारलं तर बिचारं काहीतरी उत्तर देणारच."

खोलीत हशा पिकला. गोडबोल्याही हसला, कारण सगळे हसत होते. "म्हणजे शब्द बाद," साहेब घाईनं म्हणाले. शब्दवाला एकच होता, तो बाद झाला. पडदा हलला आणि सगळ्यांच्या वर ताईचं नाव आलं. पुढे आकडा होता ९७. बाकीचे बहुतेक चाळीस-पन्नासच्या घरात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या मनापासूनच्या होत्या. ताईच्या छातीत काहीतरी उबदार पसरत गेलं. सत्त्याण्णव! साहेब मात्र त्या आकड्याकडे बघून कान खाजवत होते.

इथे ताई गप्प बसली असती तर गोष्ट इथेच संपली असती, आणि बरी संपली असती. पण स्वभावाला औषध नाही. तिची नजर खाली गेली. ग्राहक विभागाचे अधिकारी म्हणजे काका; त्यांच्या माणसांपुढे ४३, ५१, ३८ असे आकडे होते. काकांच्या हाताखालच्या ज्या बाईपुढे ५१ होता, तिचा एक्कावन्नावा वाढदिवस परवाच झाला होता. केक ताईनंच कापून वाटला होता.

"साहेब, नुसते शब्द काढून भागणार नाही," ती म्हणाली. "मला आजचा दिवस द्या. प्रत्येक आकड्याला विचारू या, बाबा तू कोण. प्रत्येकाला चिठ्ठी लावू आणि मग निकाल काढू."

"कशाला? झालाय की निकाल," साहेब म्हणाले.

"मग माझा तरी खरा कशावरून?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी खांदे उडवले आणि ताई लॅपटॉप घेऊन दारोदार फिरायला निघाली.

पहिले काका. "तो ५१? ते तिचं वय," काका निवांतपणे म्हणाले. "सगळ्यांची वयंच टाकलीत."

"पण मत मागितलं होतं ना?"

"मागितलं होतं. पण पोतडीत काहीही टाकलं तरी चालतं, असंही सांगितलं होतं. मग जे हाताशी होतं ते टाकलं."

मग स्क्रीनवाले भाऊ. गोडबोल्या वगळता त्यांच्या माणसांपुढे ४०, ४२, ४४ असे सम आकडे होते. "टी-शर्टांची मापं," भाऊ म्हणाले. "ऑफिसच्या सहलीसाठी मागवली होती ना? तुमचंही द्यायचं राहिलंय, ताई."

सहल तीन वर्षांपूर्वीच रद्द झाली होती. ताईनं चिठ्ठी लावली, 'माप', आणि पुढे निघाली.

टेस्टिंग विभाग जिन्याखालच्या खोलीत होता. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, हे त्या विभागाचं काम. साहेबांना चुका आवडत नसत म्हणून त्यांनी तिथे माणसं दोनच ठेवली होती: अधिकारी म्हणून मास्तरीणबाई आणि हाताखाली डुलक्या. मास्तरीणबाई पूर्वी शाळेत शिकवायच्या, आणि माणूस समोर आला की त्याचा पेपर तपासायला आल्यासारख्या बघायच्या. डुलक्या जेवणानंतर बसल्याबसल्या पेंगायचा. खाली गाद्यांचं दुकान असताना हा वर झोपतो, हा ऑफिसातला कायमचा विनोद होता.

डुलक्यापुढे आकडा होता २.

"हे मापही नाही आणि वयही नाही," ताई म्हणाली.

"गुण आहेत. दहापैकी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मत मागितलं होतं, मत दिलं. एक गुण वेळेवर येतो म्हणून. दुसरा खोटं बोलत नाही म्हणून. झोपला होतास का विचारलं तर हो म्हणतो. बाकीचे आठ कापले. कशाकशाचे कापले तेही त्याला समोर बसवून सांगितलंय."

कोपऱ्यात डुलक्यानं डोळे उघडून मान हलवली आणि पुन्हा मिटले. ताईनं चिठ्ठी लावली, 'मत'. सकाळपासूनची अशी ही पहिलीच.

शेवटी साहेबांची खोली. साहेब खालच्या दुकानातून नमुन्यादाखल आलेल्या आरामखुर्चीत रेलले होते.

"साहेब, माझ्या नावापुढचा ९७. तो कशाचा आहे?"

"सत्त्याण्णव..." साहेब आठवायला लागले. एकदम त्यांचा चेहरा उजळला. "हां! तुमच्या फोनचा आतला नंबर. टेबलावरचा. मला सारखा लागतो ना, म्हणून टाकून ठेवला. पोतडीचा हाच तर फायदा, सगळं हाताशी राहतं."

ताईनं विचारलं, "आणि मत?"

"टाकलंय की! खाली असेल. नक्की टाकलंय."

ताई खाली खाली बघत गेली. फोननंतर तिच्या नोकरीची तारीख होती. मग एका फुटलेल्या कपाचा फोटो होता, तो कशाला ते कुणास ठाऊक. मग रजेचे दिवस होते. आणि सगळ्यांत खाली तिच्याबद्दलचं मत होतं. एकच शब्द. 'बघू.'

तिनं तो दोनदा वाचला. तीन लिहिले असते तरी चाललं असतं. तीनावरून ती भांडली असती, अमक्या दिवशी अमकं दुकान मी चालू करून दिलं म्हणून दाखले दिले असते. आकड्याशी भांडता येतं. 'बघू'शी कसं भांडायचं? तिला संताप आला नाही. आपण इतकी वर्षं एका रिकाम्या खोलीत बोलत होतो, असं काहीतरी वाटलं.

"अहो ताई, त्या दिवशी मी घाईत होतो," साहेब खुर्चीत सरळ होत म्हणाले. "तुम्हाला आकड्यात कसं मोजायचं? तुम्ही तर अनमोल!"

"मग आता सांगा, साहेब. घाई नाहीये. दहापैकी किती?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. मग मोबाईलकडे पाहिलं. तो वाजावा अशी त्यांची फार इच्छा दिसली. "त्याचं काय आहे, ताई," ते अखेर म्हणाले, "तुम्ही पुष्कळ काम करता हे मला माहीत आहे. म्हणजे फोन केला की ते होतं, एवढं माहीत आहे. पण नेमकं काय करता... ते मला तितकंसं..."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते लगेच काहीतरी देऊन टाकायचे. ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, तो ९७ राहू द्या तसाच. सगळ्यांनी भिंतीवर पाहिलाय, टाळ्या वाजवल्यात. चिठ्ठीवर लिहा 'मत'. उद्यापासून तुम्ही हेड. आणि मी सांगतो, तुम्हीच व्हायला पाहिजे."

ताईपुढे पडदा होता, त्यावर ९७ होता आणि शेजारी चिठ्ठीची रिकामी जागा. खोटं कितीसं होतं ते? ती लायक होती. हे तिलाही ठाऊक होतं, टाळ्या वाजवणाऱ्यांनाही. खुर्चीत बसून ती पोतडी बंद करणार होती, म्हणजे भलंच होणार होतं. नणंदेनं साऱ्या गोतावळ्यात सांगून ठेवलं होतं. नवऱ्यानं पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता. आणि तिला ती खोली हवी होती, फार हवी होती. बोटं कीबोर्डवर ठेवून ती उभी राहिली. साहेबांनी तेवढ्यात मोबाईल उगाचच कानाला लावला.

तिनं लिहिलं, 'फोन'.

त्यात काही मोठेपणा नव्हता. तिला एवढंच वाटलं, की उद्या आपण त्या खुर्चीत बसलो आणि कुणी विचारलं की साहेबांना तुमच्यात काय दिसलं, तर काय सांगायचं? टेबलावरचा फोन दिसला?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळे जमले. आता प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी होती. वयं वयांत गेली, मापं मापांत, फोन फोनांत. 'नंतर कळवतो' आणि 'बघू' हे शब्दांच्या कप्प्यात जाऊन शेजारी शेजारी बसले. मतांच्या कप्प्यात उरला एकच आकडा. साहेबांनी बटण दाबलं. यंत्रानं त्या एकातला सगळ्यांत मोठा काढला.

"दोन," साहेबांनी वाचलं. मग पुढचं नाव वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

डुलक्याला दोघांनी हलवून जागं केलं आणि सांगितलं की तो विभागप्रमुख झाला. "का?" त्यानं विचारलं. हा प्रश्न त्या खोलीत आणखी कुणालाच सुचला नव्हता.

"प्रक्रिया अगदी स्वच्छ झाली," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःच टाळ्यांना सुरुवात केली. यावर कुणाला आक्षेप घेता येईना. कुठेही चूक नव्हती. ताई तर बोलणार तरी काय? जन्मभर तिचं एकच म्हणणं होतं, की प्रत्येक गोष्ट आपापल्या कप्प्यात गेली की जग सरळ चालतं. आता सगळं आपापल्या कप्प्यात होतं आणि प्रमुख डुलक्या होता. कप्पा बरोबर असला म्हणून आतला माल चांगला निघेलच असं नाही, हे तिच्या इतक्या वर्षांत ध्यानातच आलं नव्हतं.

घरी तिनं चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं. नवऱ्यानं मुकाट्यानं पाटीचे नमुने गुंडाळून कपाटावर टाकले. सासूबाईंना मात्र राहवेना.

"तो सत्त्याण्णव राहू द्यायला काय धाड भरली होती तुला?"

"तो माझा नव्हता, आई."

"फोन तुझाच ना?"

ताईला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. सासूबाई गडबडल्या. सुनेला असं रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेल्यांना अक्कल नाही, दुसरं काय." मग ओट्याकडे वळल्या आणि चहा टाकला.

काही दिवसांनी डुलक्यानं ताईला काचेच्या खोलीत बोलावलं. तो प्रमुखाच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा. नवल म्हणजे तो टक्क जागा होता. भीतीनं त्याची झोप उडाली होती.

"ताई, तुम्ही माझ्यावर चिडला असाल," तो म्हणाला.

"तुझ्यावर कशाला चिडू रे?"

"मला इथलं काही कळत नाही. मी साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बघू." त्यानं टेबलावर बोटानं रेघ ओढली. "लोक त्या दोनावरून हसतात. पण खरं सांगू? ते दोन बरोबर आहेत. बाईंनी मला समोर बसवून एकेक गोष्ट दाखवली. हे तुला येतं, हे येत नाही, हे येईल पण तू आळशी आहेस. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं. माझ्याकडे इतकं नीट कुणी कधी बघितलंच नव्हतं."

ताईनं खोलीभर नजर फिरवली. खोली तीच होती, खुर्ची तीच होती, जिच्यासाठी तिनं इतका जीव पाखडला होता. पण त्या क्षणी तिला हेवा वाटला तो खुर्चीचा नाही. तिला त्या दोनाचा हेवा वाटला.

"तुला अडेल ते मला विचार," ती म्हणाली आणि उठली. ती आपल्या टेबलाकडे गेली नाही. टेबलावरचा फोन वाजत होता, तो तिनं वाजू दिला. जिना उतरून ती खाली आली आणि जिन्याखालच्या खोलीचं दार तिनं लोटलं.

मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय ताई? पुन्हा कुठल्या आकड्याला चिठ्ठी लावायची राहिली?"

"नाही." ताईचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला. "मी इतकी वर्षं इथे केलेलं काम आहे ना, ते तुम्ही एकदा सगळं बघाल का? पहिल्यापासून. आणि मला दहापैकी किती ते सांगाल?"

मास्तरीणबाईंनी डुलक्याची रिकामी खुर्ची पायानं पुढे ढकलली आणि म्हणाल्या, "बसा. पण आधीच सांगते, मी कापते हं."

"कापा," ताई म्हणाली आणि बसली.